कच्च्या टाक्यावर आख्खी गाडी

गोव्यातल्या साखळी गावच्या एका मुलाचा प्रश्न आहे. बाबांची जुनी जीप आठ वर्षं घरामागे माडाखाली उभी; बॉडीचा पत्रा कुजलाय, चासी, म्हणजे खालचा सांगाडा, 'ठीक वाटते'. हा आठवीपासून नरकासुराचे आणि शिगम्याच्या चित्ररथांचे सांगाडे वेल्ड करतो. आता घरच्या शेडमध्ये त्या जीपची हॉट रॉड, म्हणजे जुनी गाडी सोलून हलकी आणि वेगवान केलेली, करायची म्हणतोय. विचारतो, "काका, इंजिन कुठलं टाकू? चासी मी स्वतः वेल्ड केली तर चालेल? खर्च किती येईल? आणि गाडी झाली की मिरामारला फेरी मारता येईल ना?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते तुला आवडणार नाही. मिरामारला फेरी मारता येणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर लिहिलेला तपशील कंपनीने मुळात दिला त्याच्याशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं : परवानगी नसलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हॉट रॉडमध्ये बदल मोजायला बसलास तर बोटं पुरणार नाहीत. घरी बनवलेल्या कोऱ्या चासीला नवीन नंबर घ्यायचा म्हटलं तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी लागते. ती वाट गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांसाठी आहे, तुझ्या-माझ्या शेडसाठी नाही. आणि रस्त्यावर काही घडलं तर विमा कंपनी पहिला प्रश्न बदलांचाच विचारते. तेव्हा ही गाडी खाजगी जागेत चालवायची, बंदिस्त मैदानावर पळवायची, प्रदर्शनाला टेम्पोवर चढवून न्यायची. माझ्या दोन्ही गाड्या तशाच जातात. हे पटत असेल तर पुढे वाच.

दुसरी गोष्ट बाबांच्या जीपची. तिची आरसी काढ आणि सन बघ. ५० वर्षं उलटून गेली असतील तर जुलै २०२१ च्या विंटेज नियमांत ती बसू शकते, 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळू शकतो. पण अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे तू ग्राइंडर लावलास त्या क्षणी तो रस्ता बंद. पन्नास झाली नसली तरी कागद शाबूत असलेली जीप कापू नये, असं माझं मत आहे. तिला नवा पत्रा चढव, इंजिन खोल, बाबांना घेऊन फिरायला ने. तसंही जुन्या लहान जीपचा व्हीलबेस ८० इंच. हॉट रॉडवाल्यांची सगळ्यात लाडकी गाडी म्हणजे १९३२ ची फोर्ड, तिचा १०६ इंच. सव्वीस इंच कमी पडलेल्या चासीवर हॉट रॉडचा आकार कधी येत नाही. ती खेळण्यातल्या गाडीसारखी आखूड दिसते. चासी मधून कापून वाढवण्यापेक्षा नवी करणं सोपं. म्हणून यापुढे मी जे सांगतोय ते नवीन चासीबद्दल.

आता इंजिन. या विषयात मुलं आधी इंजिन विकत घेतात आणि मग त्याच्याभोवती गाडी शोधत बसतात. व्ही-एटचं, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाचं, वेड सगळ्यांना असतं, मलाही होतं. पण हे बघ : १९३२ च्या फोर्डचा तो नावाजलेला व्ही-एट २२१ घन इंचांचा, म्हणजे साधारण ३.६ लिटरचा, आणि त्याची ताकद होती ६५ हॉर्सपॉवर. कॅलिफोर्नियात म्युरोक, एल मिराज अशा सुकलेल्या तळ्यांच्या पात्रांत पोरं जुन्या फोर्ड पळवत होती. १९३७ मध्ये वेळ मोजणाऱ्यांची संघटनाही उभी राहिली. त्यांच्याकडे पैसे नव्हते. मडगार्ड काढ, बॉनेट काढ, दुसऱ्या गाडीचे सुटे भाग भंगारातून आणून बसव, वजन उतरव. त्यातून ही चीज जन्मली. आपल्या मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या मारुती जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन ८० हॉर्सपॉवर देतं, आणि तुझी गाडी आठशे-साडेआठशे किलोच्या वर जाऊ नये. हिशेब तूच कर.

मी जिप्सीच सुचवेन, आणि सुटं इंजिन नाही तर आख्खी भंगार जिप्सी, कागदांसकट, विकणाऱ्याच्या सहीसकट. कारण असं. इंजिन लांबीत बसवलेलं आहे, आडवं नाही. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, गिअरबॉक्सपासून वेगळी, मधे छोटा शाफ्ट. ती काढून टाकली की गिअरबॉक्सच्या फ्लँजपासून थेट मागच्या एक्सलपर्यंत प्रोपेलर शाफ्ट जातो. स्टिअरिंग बॉक्स, पेडल, मागचा एक्सल, वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सगळं एकमेकांना ओळखणारं मिळतं. सुटं इंजिन आणलंस तर वायरिंगचा एक प्लग शोधायला बेळगावच्या तीन फेऱ्या होतात, आणि चोर्ला घाट पावसात तीनदा चढणं ही काही हौस नव्हे. फक्त मागच्या एक्सलचा डिफ (डिफरन्शियलचा गोळा) बरोबर मध्यात आहे का ते टेप लावून बघ. नसेल तर शाफ्टचा कोन बाजूने मोजून भागत नाही, वरूनही मोजावा लागतो. कॉन्टेसाचं १.८ चं इसुझू इंजिन मिळालं तर तेही सुंदर, पाठीमागे पाच गिअर. पण चालू स्थितीत मिळणं आता नशिबाचा भाग.

फियाट पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर कापून करू का, असंही कुणीतरी विचारेलच. त्यांना वेगळी चासी नाही, बॉडीच भार घेते. छप्पर उतरवलंस की गाडी मधोमध वाकायला मोकळी. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

आता वेल्डिंग, कारण तुझा खरा प्रश्न तो आहे.

नरकासुराचा सांगाडा एक रात्र उभा राहायचा असतो आणि पहाटे जळायचाच असतो. त्याचा वेल्ड सुटला तर पोरं हसतात. मी बत्तीस वर्षं मांडवीकाठच्या यार्डात बार्जवर काम केलं; तिथे सुटलेला वेल्ड पाण्यात कळायचा. तुझा हात बसलेला आहे हे मान्य, पण हात बसणं आणि वेल्ड आत जाणं या दोन गोष्टी आहेत. परीक्षा सोपी आहे. चासीला वापरणार त्याच जाडीचे, म्हणजे तीन-चार मिलिमीटरचे, दोन तुकडे घे. इंग्रजी टीसारखे काटकोनात जोड, एका बाजूनेच वेल्ड कर. थंड झाल्यावर हॅकसॉने आडवा काप, तोंड कानशीने घास, मग पॉलिश पेपरने. थोडा लिंबाचा रस किंवा बॅटरीचं सौम्य केलेलं आम्ल लाव, वेल्ड कुठवर गेलाय ती रेघ दिसते. मग दुसरा तसाच तुकडा व्हाइसमध्ये धरून हातोड्याने उलटा वाकव. वेल्ड सोलून निघाला तर वरून कितीही मासोळीच्या खवल्यांसारखा देखणा असो, तो वेल्ड नव्हे. मिग मशीनवर, म्हणजे रॉडऐवजी वायर आणि गॅसवर चालणाऱ्या, हे जास्त होतं : करंट कमी, वायर वितळून वर बसते, खालचं लोखंड वितळतच नाही. पहिल्या दिवशी मी स्वतः सोळा तुकडे वाया घालवले होते, यार्डात इतकी वर्षं काढून. कारण मिग मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा धरली होती.

रॉडने करणार असशील तर कच्च्या टाक्यांना (टॅक वेल्डना) आणि किरकोळ ब्रॅकेटना ६०१३ नंबरचा रॉड ठीक आहे. चासीच्या मुख्य जोडांना ७०१८. पण ७०१८ ला दमट हवा सोसत नाही. पाकीट फोडून शेडमध्ये ठेवलंस की रॉडवरचं फ्लक्स ओल धरतं, त्यातून हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो आणि वेल्ड नंतर, तू झोपलेला असताना, तडकतो. यार्डात रॉडसाठी ओव्हन असायचा. दुकानदार सुटे मोजून देतो ते ७०१८ घेऊ नकोस, मूळ बंद पाकीटच घे आणि एका दिवशी लागतील तेवढेच उघड. मिगवर काम करताना पंखा बंद, दार ओढलेलं. वारा गॅस उडवून नेतो आणि वेल्डला जाळी पडते. घामाने निथळशील, इलाज नाही. पहाटे काम कर. आमच्या गावात संध्याकाळी सगळ्यांचे पंप आणि टीव्ही सुरू झाले की व्होल्टेज असं पडतं की इन्व्हर्टर मशीनसुद्धा रडतं.

दोन धोके बिनशर्त सांगतो. ब्रेक क्लीनरच्या फवाऱ्याने भाग पुसून लगेच वेल्ड करू नकोस. त्यात क्लोरीनवालं द्रावण असलं तर वेल्डिंगच्या आर्कच्या उष्णतेने फॉस्जीन होतो, आणि तो वायू माणूस मारतो. आणि पेट्रोलची जुनी टाकी कधीही वेल्ड करायची नाही. धुतली, उन्हात वाळवली, पाणी भरलं, काहीही सांगू नकोस. नवी टाकी कर.

चासीला १०० बाय ५० चा चौकोनी पाइप, तीन किंवा चार मिलिमीटर जाडीचा. दोन लांब बाजू, पुढे-मागे आडवे मेंबर आणि मधे इंग्रजी एक्ससारखी फुली. ही फुली विसरू नकोस. शिडीसारखी चासी खालीवर वाकत नाही, पण पिळली जाते. ओला टॉवेल पिळतो तशी. पाइप जोडावा लागला तर सरळ उभा काप घेऊन तोंडाला तोंड लावू नकोस. काप तिरका घे आणि दोन्ही बाजूंनी पट्टी चढव.

पण हे सगळं कशावर ठेवून करणार? तुझ्या शेडची जमीन पाणी बाहेर जावं म्हणून उताराची असणार, आणि शंभरातल्या नव्व्याण्णव घरच्या गाड्या इथेच वाकड्या होतात. मी सहा इंची दोन आय-बीम भाड्याने आणले, खाली पायांना मोठे बोल्ट लावले की वरखाली करता यावेत. लेव्हल कशाने केली? गवंड्याच्या पाण्याच्या नळीने. मशीन लेव्हल माझ्याकडे नव्हती आणि लागलीही नाही. पारदर्शक नळी, दहा मीटर, पाण्यात चिमूटभर कुंकू म्हणजे रेघ स्पष्ट दिसते. एक टोक शेजारच्या पोराने एका बीमच्या कोपऱ्यावर धरलं, दुसरं मी. पहिल्या वेळी चारही कोपरे जुळले, मी खूश. मग सहज नळी उजेडात धरली तर मधोमध वाटाण्याएवढा हवेचा बुडबुडा. तो काढून पुन्हा मोजलं, तर एक कोपरा अकरा मिलिमीटर खाली. नळी भरताना एका टोकाने हळूहळू पाणी ओढून घे, टोकं शेजारी-शेजारी धरून दोन्हीकडची रेघ एकाच उंचीवर येते का बघ, मगच मापाला लाग. बीमच्या मधोमध लाइनदोरी ताण, ती गाडीची मध्यरेषा. प्रत्येक माप त्या दोरीपासून घ्यायचं, पाइपच्या कडेपासून नाही. ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा कर आणि कर्ण मोज. दोन्ही कर्णांत माझ्याकडे दोन मिलिमीटरांचा फरक होता. तीनपर्यंत चालेल, पाच आला तर उठ, चहा पी, परत मोज.

आता मथळ्यातली गोष्ट. शिंपी कसा आधी धावदोऱ्याने कपडा जोडतो, अंगावर घालून बघतो, मगच मशीन मारतो? चासीचंही तेच. इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही एक्सल, स्टिअरिंग, पेडल, रेडिएटर, टाकी, सीट, एक्झॉस्ट, निदान बॉडीची पुठ्ठ्याची आकृती, असं सगळं जागेवर येईपर्यंत एकही पूर्ण वेल्ड मारायचा नाही. फक्त टाके. कच्च्या टाक्यावर आख्खी गाडी उभी राहिली पाहिजे.

हे मी शिकलो ते असं. पहिल्या गाडीची चासी मी आधी पूर्ण केली. सगळे वेल्ड, घासून गुळगुळीत, काळा चकचकीत रंग. आजूबाजूची माणसं येऊन बघून गेली. पोदेर सकाळी पाव द्यायला थांबला की हात फिरवून जायचा. मग इंजिन उतरवलं. मग स्टिअरिंगचा शाफ्ट लावायला गेलो तर तो बरोबर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पोटातून जात होता. इंजिन चाळीस मिलिमीटर डावीकडे सरकवलं. माउंट कापले, रंग जळला. तेवढ्याने गिअरबॉक्सचं बेलहाउसिंग क्लचच्या पेडलला लागलं. पेडल सरकवलं तर गुडघा स्टिअरिंगला. एका शाफ्टपायी सव्वातीन महिने गेले आणि चासीवर इतके कापल्या-जोडल्याचे डाग पडले की शेवटी तो भागच नवा केला. घरची म्हणाली, "आधी रंग कशाला दिला?" या एका वाक्यात जे होतं ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर ती गाडी चार वर्षांऐवजी अडीच वर्षांत झाली असती.

दुसऱ्या वेळी प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय कापले, चासीवर फळी टाकली आणि त्यावर बसलो. स्टिअरिंगच्या जागी फणसाच्या फांदीला सायकलचं चाक. बसून पाय लांब केले, तेव्हा पेडल कुठे हवं ते कळलं; कागदावरच्या मापापेक्षा नव्वद मिलिमीटर पुढे. बूट घालून बस, घरातल्या सपाता घालून नको. मग एकेक गोष्ट विचारत जा. ऑइल फिल्टर काढायला हात जातो का? स्टार्टर सुटतो का, की त्यासाठी इंजिन उचलावं लागेल? गिअरची दांडी मागच्या गिअरला सीटला लागते का? ब्रेकचा पाइप एक्झॉस्टपासून लांब आहे का? पुढचं चाक दोन्हीकडे पूर्ण वळव आणि त्याच वेळी जॅकने एक्सल वर दाब. पाटा पूर्ण दबला आणि चाक पूर्ण वळलं, अशा एकत्र स्थितीत काय काय घासतं ते बघ. प्रोपेलर शाफ्टचा सरकता भाग एक्सल खाली लोंबला की निघून यायला नको आणि वर दाबला की तळाला टेकायला नको. इंजिन मागच्या बाजूला साधारण तीन अंश खाली झुकतं; डिफचं तोंड तेवढंच वर हवं, म्हणजे शाफ्टच्या दोन टोकांच्या क्रॉसचे (सांध्यांचे) कोन एकमेकांना काटतात. नाहीतर साठच्या वर गाडी गुरगुरायला लागते आणि लोक चाकं बॅलन्स करत बसतात.

सगळं बसलं की फोटो काढ, मापं वहीत लिही, आणि सगळं सोडव. आता पूर्ण वेल्ड. तेही सलग नाही : इथे पन्नास मिलिमीटर, मग समोरच्या कोपऱ्यात पन्नास, मग उलट बाजूला. वेल्ड थंड होताना लोखंड स्वतःकडे ओढतो, एका बाजूने भरत गेलास तर बीमवर बांधलेली चासीसुद्धा सोडल्यावर केळ्यासारखी वळते.

स्टिअरिंगच्या बाबतीत माझा स्वभाव कडक आहे. स्टब एक्सल, स्टिअरिंग आर्म, पिटमन आर्म यांना आग लावायची नाही, वेल्ड करायचं नाही, तापवून वाकवायचं नाही. हवा तो कोन मिळत नसेल तर दुसरा भाग शोध. सरळ एक्सलला कॅस्टर, म्हणजे चाक ज्या खिळ्यावर वळतं त्याचा मागे झुकाव, पाच ते सात अंश ठेव. कमी झालं तर गाडी सरळ रस्त्यावर दारू प्यायल्यासारखी झिंगत जाते. टो-इन, म्हणजे चाकांची पुढची टोकं आत वळलेली, दोन-तीन मिलिमीटर. स्टिअरिंग आर्मच्या रेषा मागे वाढवल्या तर त्या मागच्या एक्सलच्या मध्याजवळ मिळाल्या पाहिजेत. दोरी लावून बघता येतं. आर्म उलट्या बाजूला फिरवून बसवला की हे बिघडतं आणि वळणावर पुढचे टायर किंचाळतात. शाफ्टला तीन जॉइंट लागत असतील तर मधे आधाराचं बेअरिंग हवंच, नाहीतर शाफ्ट दोरीसारखा फिरतो. बोल्ट डोक्यावर ८.८ कोरलेलेच. एकदा एका दुकानातून घेतलेल्या 'हाय टेन्साइल' बोल्टांवर आकडा होता, पण पान्याने आवळताना मान लांबली. तेव्हापासून प्रत्येक खेपेतला एक बोल्ट मी व्हाइसमध्ये तोडून बघतो.

उंचीबद्दल एकच. चारही चाकांच्या रिमच्या खालच्या कडांमधून दोऱ्या ताण, एकाच बाजूच्या आणि तिरप्याही. चासीचा, एक्झॉस्टचा, स्टिअरिंगचा कुठलाही भाग त्या दोऱ्यांखाली येता कामा नये. टायर फुटला तर गाडी रिमवर उतरते, जमिनीवर नाही. आणि मैदानापर्यंत टेम्पो जाईल, पण टेम्पोच्या फळीवर चढताना पोट घासू नये एवढी जागा ठेवच.

ब्रेक. हॉट रॉडमध्ये मास्टर सिलिंडर बहुतेक वेळा जमिनीखाली, चासीच्या आत जातो. तिथे तो चाकांवरच्या कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर येतो आणि तेल परत वाहून येतं. मग पहिल्या दाबाला पेडल खाली जातं. त्यासाठी लाइनमध्ये थोडा दाब राखणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतो, डिस्कला २ पीएसआयचा, ड्रमला १०. उलटे लावलेस तर डिस्क चिकटून तापते. मास्टर सिलिंडर दोन सर्किटांचाच घे. बूस्टर नसेल तर पेडलची दांडी साधारण सहाला एक हवी : पायापासून टेकूपर्यंतचं अंतर सहा, टेकूपासून सिलिंडरच्या दांडीपर्यंत एक. फ्रिजवाल्याचा तांब्याचा पाइप ब्रेकला वापरायचा नाही. तोंड दुमडून डबल फ्लेअर केलेला स्टीलचाच. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडे हवेतच पाणी, म्हणून दर चतुर्थीनंतर मी तेल बदलतो.

पहिली चाचणी आमच्या सड्यावर घेतली, माणसाच्या चालीने. मग दहा. मग वीस. वीसला जोरात दाबलं तर मागची चाकं आधी अडली आणि गाडी खेकड्यासारखी आडवी फिरली. हलक्या गाडीच्या मागे जड गाडीचे ड्रम होते, दुसरं काय होणार. मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह टाकला, तेव्हा पुढची आधी अडायला लागली. तशीच अडली पाहिजेत. हे तू शंभरच्या वेगाने शोधून काढू नकोस.

बॉडीचं फार सांगत नाही, कारण ते हाताने शिकायचं काम आहे. एक मिलिमीटरचा सीआरसी पत्रा, लाकडी साचा. गोलाईसाठी फणसाच्या ओंडक्याच्या तोंडात बशीएवढा खड्डा कोरून घे आणि त्यात लाकडी हातोड्याने पत्रा बसव. ठोकलेला पत्रा सुरकुततो, मग सुरकुती मिटव, मग पुढे सरक. तांबट हेच करत आले आहेत. पहिलं मडगार्ड भंगारात जाईल, दुसरं शेजाऱ्याला दाखवण्यासारखं होईल. म्हणून तर मी सांगेन की मडगार्ड लावूच नकोस.

गंज मात्र आपला खरा शेजारी. पत्रा घासून उघडा ठेवलास आणि त्यावर हात टेकवलास, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाच बोटं तांबडी उमटलेली दिसतात. घासलं त्याच दिवशी थिनरने पुसून इपॉक्सी प्रायमर. पाऊस धरला की लांबी (पुट्टी) लावायची नाही; ती ओल पिते आणि वर्षाने रंगाखाली फोड येतात. चासीचे पाइप बार्जच्या बंद टाक्यांसारखे चहूबाजूंनी वेल्डने बंद कर. आत नवा ऑक्सिजन गेला नाही की गंज थांबतो. अर्धवट बंद पाइप सगळ्यात वाईट, पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही. माझं पंचांग असं : ऑक्टोबर ते मे चासी आणि पत्रा, मिरग लागला की ते सगळं झाकून इंजिन, वायरिंग, पेडलची जुळणी, जी बाकावर बसून होतात. रंग जानेवारी-फेब्रुवारीत, कोरड्या सकाळी.

आणि खर्च. आकडा सांगणार नाही, भंगाराचा भाव दर महिन्याला बदलतो. पण मी वही ठेवली होती. दुसऱ्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल मिळून जेवढे गेले त्याच्या अडीचपट बाकीला गेले : टायर, काचा, होस पाइप, बोल्ट, गॅस, डिस्क ग्राइंडरच्या चकत्या, लेथवाल्याची मजुरी. चकत्यांवरच किती गेले ते घरी अजून कळलेलं नाही. तेव्हा खिशात जे आहे त्याचे चार भाग कर, एका भागात भंगार जिप्सी बसत असेल तरच तिला हात लाव.

तोवर दोन कामं कर. जीपची आरसी शोध, सन मला कळव. आणि चासीच्याच पाइपाचे ते दोन तुकडे जोडून, कापून, तोंड घासून घेऊन ये. मला वेल्डचा वरचा भाग दाखवू नकोस, कापलेली बाजू दाखव.